पाटीवरचा हिशेब आणि बाजारातला हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा आरंभ मी एका कृपण मनुष्यापासून करणार आहे. एका याचकाने ह्या गृहस्थाजवळ काही मागितले. गृहस्थाने मनातल्या मनात एक द्रम्म घेतला. द्रम्म हे त्या काळचे नाणे. त्याचे त्याने अर्धे केले; त्या अर्ध्याचे दोन तृतीयांश घेतले; त्यांचे तीन चतुर्थांश घेतले; त्याचा पाचवा हिस्सा काढला, त्या हिश्शाचा सोळावा, आणि त्या सोळाव्याचा पुन्हा चौथा. इतकी काटछाट करून जे उरले ते त्याने याचकाच्या पदरात टाकले. तर त्याने किती कवड्या दिल्या, ते सांगा.

वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म, हे कोष्टक ज्यास पाठ आहे त्यास एका द्रम्माच्या १२८० कवड्या होतात हे ठाऊक असते. त्याचे अर्धे ६४०. दोन तृतीयांशांचे तीन चतुर्थांश म्हणजे निम्मेच, तेव्हा उरले ३२०. त्याचा पाचवा हिस्सा ६४, त्याचा सोळावा ४, आणि त्याचा चौथा १. एवढा मोठा खटाटोप करून महाशयांनी दिली एक कवडी! मुलगा उत्तर काढतो आणि हसतो. अपूर्णांकाचा अपूर्णांक कसा काढावा हे तो शिकतो, आणि कृपणाची फजिती त्याच्या ध्यानात राहते ती निराळीच.

हे उदाहरण आमच्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ त्यांनी आपल्या वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग. लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या लग्नाची घटिका चुकली, आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने हा ग्रंथ रचला, अशी कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु ती कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. तेव्हा कथा बाजूस ठेवून आपण ग्रंथच उघडून पाहू.

ग्रंथ उघडताच प्रथम दृष्टीस पडतात ती कोष्टके: कवड्यांपासून निष्कापर्यंत नाण्यांचे, गुंजेपासून गद्याणकापर्यंत वजनांचे, यवापासून योजनापर्यंत लांबीचे. बेरीज-वजाबाकी त्यानंतर येते. आधी बाजारपेठेची भाषा आणि मग गणिताची कृती, असा हा क्रम आहे. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. पण ह्या साध्या क्रमाचा अर्थ माझ्या ध्यानात यावयास त्यांतली पुष्कळ वर्षे खर्ची पडली. ते कसे, हे पुढे सांगतो.

ह्याच ग्रंथात एक प्रवासी वाण्याच्या दुकानासमोर उभा आहे. एका द्रम्मास साडेतीन मापे तांदूळ किंवा आठ मापे मूग असा त्या दिवशीचा भाव आहे. प्रवाशाजवळ तेरा काकिणी आहेत. दोन भाग तांदूळ व एक भाग मूग त्यास हवे आहेत. लवकर दे बाबा, जेवण उरकून निघावयाचे आहे, तांडा पुढे निघून जाईल, अशी त्याची घाई चालली आहे. श्रोतेहो, ही उघडउघड खिचडीची तयारी आहे! तेरा काकिणी म्हणजे द्रम्माचे चौसष्टांश तेरा. हिशेब केला असता तांदूळ मापाचे बारांश सात आणि मूग चोविसांश सात येतात. तांदळाची किंमत दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी व मुगाची दोन पूर्णांक एक तृतीयांश, मिळून बरोबर तेरा. उदाहरणात भाव आहे, भूक आहे आणि घाईही आहे. त्रैराशिक का शिकावयाचे, हे विद्यार्थ्यास निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता राहत नाही.

व्याजाचे उदाहरणही आहे: शंभरास दरमहा पाच ह्या दराने सोळांचे वर्षाचे व्याज किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. चार झरे एक कुंड भरतात. एक एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश आणि चौथा षष्ठांश दिवसात. सर्व एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर, दिवसाचा बारावा भाग. हौद व नळांची उदाहरणे इंग्रजी पुस्तकांतून आली असा पुष्कळांचा समज असतो. त्यांनी हे कुंड अवश्य पाहावे.

आता येथे एक भेद सांगितला पाहिजे. ‘लीलावती’तली सर्वच उदाहरणे व्यवहारातली नाहीत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, त्याच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत आहे, दोघांची गती सारखी, तर गाठ कोठे पडेल, हे गणित कोणास व्यवहारात कधी घालावे लागत नाही. बिळापासून बारा हातांवर गाठ पडते हे काढण्यात बुद्धीस व्यायाम आणि मनास आनंद होतो, हे मान्य. परंतु गणितास सुंदर वस्त्र नेसविणे निराळे आणि गणिताची गरज निर्माण करणे निराळे. मोराचे उदाहरण पहिल्या प्रकारचे, खिचडीचे दुसऱ्या प्रकारचे. चांगल्या शिक्षकास दोन्ही हवीत, पण कोणते कोणत्या प्रकारचे हे त्यास ओळखता आले पाहिजे.

ही परंपरा भास्कराचार्यांच्याही पूर्वीची आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. लौकिक व्यवहार, संगीत, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या ह्या सर्वांत गणिताचे काम पडते, असे त्यांनी आरंभीच सांगून ठेविले आहे.

आणि भास्कराचार्यांच्या मागे काय झाले? चाळीसगावाजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून, मठास कोणते उत्पन्न लावून दिले ते त्यात सांगितले आहे. पेठेत जो माल विकावयास येई त्यावरील राजाचा हक्क मठास दिला होता, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल लावून दिले होते. म्हणजे ज्या बाजाराने ‘लीलावती’स उदाहरणे पुरविली, तोच बाजार तिच्या अभ्यासकांच्या दिव्यास तेल पुरवीत होता.

पुढे मराठी मुलुखात गणित टिकविले ते पंतोजींच्या शाळांनी. धुळपाटीवर अक्षरे, मोडी वळण, आणि पाढे. हे पाढे केवळ बे एके बे इतकेच नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, एवढे सारे तोंडपाठ करावे लागे. औटकी हवी कशाला, असे आज कोणी विचारील. ज्या बाजारात द्रम्मास साडेतीन मापे तांदूळ मिळत, त्या बाजारात ती लागत असे, हेच त्याचे उत्तर.

पाढ्यांच्या जोडीस किल्ल्या असत. ‘जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर’ ही त्यांतली एक. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसास सोळांनी भागिले की अडीच येतात. सात रुपये मणाचे धान्य असेल तर अडीच शेर सात आण्यांस. कागद नको, लेखणी नको. तसेच आण्याच्या पै बारा म्हणून ‘जितके आणे डझन, तितक्या पै नग’. माझे वडील एका अडत्याच्या दुकानी दिवाणजी होते. ग्राहकाने भाव विचारून पिशवी उघडेपर्यंत त्यांचे उत्तर तयार असे. लहानपणी मला ती जादू वाटे.

मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट ह्या सभासदाने १८२१ मध्ये लिहून ठेविले आहे, की येथील शेतकरी व किरकोळ दुकानदार आपला हिशेब इंग्लंडातील तशाच स्थितीच्या लोकांपेक्षा अधिक बिनचूक ठेवितात. हे वाचून आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानास इतिहासाने थोडा आवर घालावा लागतो. पंतोजींच्या शाळेचे दार मुलींस बहुधा बंद होते, आणि अस्पृश्य गणलेल्यांस तर पूर्णपणे बंद होते. बहुतेक कुणब्याच्या मुलांचीही स्थिती फारशी चांगली नव्हती. किल्ली ज्याच्या हाती, कुलूपही त्याच्याच हाती, असा तो प्रकार होता.

ह्याचा परिणाम काय होतो तो १८७५ मध्ये दिसून आला. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, आणि दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांना पाहिजे होते ते कर्जरोखे व हिशेबाचे कागद. ते हिसकावून घेऊन त्यांनी जाळले. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. दंग्याची कारणे अनेक होती: कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा, सावकारांनी हात आखडता घेतलेला. पण ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, आणि वाचून दाखविलेला आकडा खरा की खोटा हे पडताळता येत नाही, ही असहायता त्या ज्वाळांच्या तळाशी होती, असे मला वाटते. ज्याला वहीतली चूक दाखविता येत नाही, त्याला वही जाळण्यावाचून दुसरा मार्ग सुचत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे पुरतेपणी ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीने हिशेब आणि शेतकीचे मूलभूत ज्ञान ह्यांची मागणी केली. खेडेगावच्या शाळेतला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा असला तरी चालेल, पण व्यवहारोपयोगीपणात तो कमी असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहारी गणित हा त्यांच्या दृष्टीने अब्रूने जगण्याचा प्रश्न होता.

आता आपण अलीकडच्या काळात येऊ. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व मीटर आले. हिशेब सोपा झाला ह्यात शंका नाही. परंतु त्या दिवसापासून ‘जितके रुपये मण’ ही किल्ली निरुपयोगी झाली. कारण तिचे कुलूपच बदलले. मणाचे शेर गेले, रुपयाचे आणे गेले. माझा जन्म ह्या बदलानंतरचा. वडिलांची जादू मला कळली ती केवळ आठवण म्हणून. ह्यावरून मी एक गोष्ट शिकलो. व्यवहाराचे गणित सदासर्वकाळ जिवंत राहत नाही. व्यवहार बदलला की ते मरते, आणि शिक्षकाच्या ध्यानात आले नाही तर तो मेलेले उदाहरण जिवंत समजून वर्षानुवर्षे शिकवीत राहतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई आठवड्याच्या बाजारात भाजी विकत असे. गणितात तो इतका कच्चा, की मी त्यास ठोंब्या समजून मागील रांगेत बसविला होता. एकदा मी बाजारात त्याच्याकडून भाजी घेतली. वांगी अडीच रुपये किलो, ती दीड किलो. गवार सहा रुपये किलो, ती पाऊण किलो. तराजू खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘पावणेचार आणि साडेचार, सव्वाआठ. गुरुजी, हे तुमचे पावणेदोन.’ मी दिलेली दहाची नोट त्याने तोवर आईच्या हाती दिलीही होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाटीवर २.५० गुणिले १.५ हे गणित घातले. त्याने उत्तर लिहिले ३७.५०. मी रागावलो, छडीही उगारली. आज माझ्या मनात येते, मी त्यास एवढेच विचारावयास हवे होते, की बाबा, दीड किलो वांग्यांचे साडेसदतीस रुपये तू कोणाकडून घेतोस? तो हसला असता, आणि त्याने टिंब आपल्या हाताने योग्य जागी नेऊन ठेविले असते. अडीच आणि त्याचे निम्मे सव्वा, मिळून पावणेचार, हे त्याच्या ओठावर होते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक आपल्या मराठी भाषेनेच त्यास दिले होते. पाटीवरचे टिंब तेवढे त्यास परके होते. त्या दोहोंमध्ये पूल बांधणे हे माझे काम होते, आणि ते मी केले नाही. सातवीनंतर तो शाळेत आला नाही.

ही केवळ माझ्याच वर्गातली गोष्ट नव्हती, हे मला पुढे वाचनात आले. ब्राझील देशात रेसिफे शहरी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांची तिघा संशोधकांनी परीक्षा घेतली. तो वृत्तान्त १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत मुलांची उत्तरे शंभरात ९८ बरोबर आली. तेच आकडे कागदावर नुसत्या गणितांच्या रूपाने घातले, तेव्हा शंभरात अवघी ३७. आणि तेच आकडे शाब्दिक उदाहरणात घातले तेव्हा ७४ च्या जवळपास. दहा नारळांची किंमत एका मुलाने कशी काढली पाहा: एक नारळ ३५ ला, तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, आणि एक, ३५०. दहाने गुणण्यासाठी शून्य मांडावे हे त्यास सुचले नाही. पण उत्तरात चूक नाही.

आपल्या देशात कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातली मुले तोंडी हिशेबात तरबेज, पण शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडखळणारी. आणि ज्यांनी बाजार पाहिला नाही ती शाळेतली मुले पाटीवर बरी, पण बाजारातल्या हिशेबात अडखळणारी. म्हणजे पूल एका बाजूने तुटलेला नाही, दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. बाजारातल्या मुलास पाटीवर आणावयाचे, आणि पाटीवरच्या मुलास बाजारात न्यावयाचे, असे हे दुहेरी काम आहे.

नोकरीच्या उत्तरार्धात मी वर्गात एक बाजारवही सुरू केली. प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा घरातला एक खरा हिशेब आणावयाचा: वीजबिल, एस. टी. चे भाडे, एकराला लागणारे खत. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो गुंठा. मुलांनी दोरी घेऊन तो शाळेच्या मैदानात आखला, तेव्हा १०८९ चौरस फूट म्हणजे केवढी जागा हे त्यांस पायांनी कळले. एका मुलीने घरातल्या कर्जाचा हिशेब आणिला. पाच हजार रुपये, दर शेकडा तीन. तीनच तर आहेत, असे घरात सर्व म्हणत. मुलीने पाटीवर मांडले: दरमहा १५०, वर्षाचे १८००, म्हणजे शंभरास वर्षाला ३६. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, पोरीने सांगितले ते खरे का?’ मी म्हणालो, ‘बाई, खरे आहे.’ ती बराच वेळ पाटीकडे पाहत उभी राहिली. मला त्या वेळी सुप्याच्या बाजाराची आठवण झाली.

आता व्यवहार पुन्हा बदलला आहे. दुकानात मोबाईल दाखविला की पैसे पोहोचतात. सुटे परत घेण्याचा प्रसंगच पुष्कळदा येत नाही. मग मोड देण्याचे उदाहरण आजच्या मुलास आण्या-पैंइतकेच परके होईल. तेव्हा शिक्षकांनी निराश न होता नवे उदाहरण शोधावे. ते दूर नाही. मोबाईलचा जो ‘महिन्याचा’ रिचार्ज आपण करितो, तो पुष्कळदा अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठावीस बारे तीनशे छत्तीस. मग वर्षाचे उरलेले दिवस गेले कोठे? वर्ष पुरे करावयास रिचार्ज बारा लागतात की तेरा? हे उदाहरण चौथीच्या मुलास घाला आणि त्याने घरी जाऊन वडिलांस विचारावे असे सांगा. भास्कराचार्य आज असते तर हे उदाहरण त्यांनी सोडले नसते, असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षक बंधु-भगिनींस माझी एवढीच विनंती आहे. पुस्तकातले उदाहरण अवश्य घ्यावे, परंतु त्यातला भाव आजचा आहे की नाही, ते पाहावे. उत्तर आले की, ‘असे कोठे घडते काय?’ हा प्रश्न मुलास विचारावा. आणि मागील रांगेत जो ठोंब्या बसला आहे, त्यास एकदा बाजारात गाठावे. मी त्यास पुढच्या रांगेत आणिला नाही, आपण आणावा.